दहा पौंडांची गाडी

काकडीला बाथशिबाने होकार दिला होता, हे विसरून चालणार नाही. थॉमस हार्डीच्या ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ या कादंबरीची (१८७४) ती नायिका. मेंढ्या पाळणारा गॅब्रिएल ओक तिला मागणी घालतो तेव्हा एकेक वस्तू पुढे ठेवत जातो. वर्षा-दोन वर्षांत पियानो, त्याच्या साथीला तो बासरी घोटून ठेवणार. बाजारला जायला दहा पौंडांची छोटी घोडागाडी. फुलं, कोंबड्या, काकडीच्या वेलाला काचेची पेटी, वर्तमानपत्रात लग्नाची बातमी. सगळ्यावर ती खूश. मग तो म्हणतो, शेकोटीपाशी तू मान वर केलीस की मी दिसेन, मी वर केली की तू. इथे ती गप्प होते, आणि थोड्या वेळाने नाही म्हणते. नवरी व्हायला तिची ना नाही. नवरा तेवढा नको.

बिचारा तयारी करून आला होता. घड्याळाची चांदीची साखळी घासलेली, बुटांना नवे बंद, केसांना घरात होतं नव्हतं तेवढं तेल, आणि भेट म्हणून आई मेलेलं कोकरू. वय अठ्ठावीस, मेंढ्या दोनशे, पण त्यांचे पैसे अजून फिटायचे होते. बाथशिबा त्याला सुचवते, पैसेवाली बायको कर, मोठं शेत घेता येईल. तो म्हणतो, मीसुद्धा हाच विचार करत होतो! असा खरेपणा मागणी घालताना कामाचा नाही.

पुढे दैव फिरतं. त्याच्या मेंढ्या कड्यावरून पडून मरतात, तिला काकांचं शेत मिळतं आणि तो तिच्याकडेच मेंढपाळ म्हणून राहतो. तिचा कारभारी धान्य चोरताना सापडतो. त्याला काढून ती स्वतःच कारभार हाती घेते. अशा बाईला शेजारचा शेतकरी बोल्डवूड मागणी घालतो. वय एकेचाळीस. तिने गंमत म्हणून पाठवलेलं एक पत्र त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. ते पाठवायचं कुणाला, हे तिने प्रार्थनागीतांचं पुस्तक वर उडवून ठरवलं होतं: उघडं पडलं तर एका छोट्या पोराला, मिटलेलं पडलं तर बोल्डवूडला. वर लाखेचा शिक्का: ‘माझ्याशी लग्न कर’.

बोल्डवूडचीही यादी आहे, पण उलटी. दूधदुभत्याची देखरेख दुसरा माणूस करील, गवतकापणीच्या वेळी तुम्हाला दाराबाहेर डोकावावंसुद्धा लागणार नाही, सुगीत पावसापाण्याची काळजी नको. म्हणजे जे तिने नुकतंच हौसेने अंगावर घेतलं, नेमकं तेवढंच तो काढून घेणार! त्याच्याकडेही गाडी आहेच. ती आईवडिलांची, म्हणून जीव अडकलेला. पण तुम्हाला आवडत नसेल तर विकतो आणि तुम्हाला स्वतंत्र गाडी घेतो, म्हणतो. माझ्या मते त्या अख्ख्या भाषणात हे एकच वाक्य माणसाचं आहे. ओक जे जवळ नाही ते देऊ करतो, बोल्डवूड जे आहे ते मोडायला निघतो. दुसऱ्याची भीती वाटायला हवी. तिला वाटते, पण ती ठाम नकार देत नाही, आणि पुढचं सगळं त्यातून होतं.

ज्याच्याशी ती लग्न करते त्या सार्जंट ट्रॉयकडे यादीच नाही. तो नेच्याच्या झुडपांत तलवारीचे हात करून दाखवतो. झालं.

पियानो ती पुढे स्वतःच्या पैशाने घेते. ट्रॉयशी लग्न होण्याआधी बासरीची साथही होते: मेंढ्यांची लोकर कापून झाल्यावरच्या जेवणात ती गाते, ओक बासरी वाजवतो, आणि खर्जात सूर लावतो बोल्डवूड. त्याच रात्री बोल्डवूड पुन्हा विचारतो आणि तिच्याकडून अर्धामुर्धा होकार मिळवतो. अर्धा होकार घेऊन जाणाऱ्या माणसाचं काय होतं, हे वाचलेल्यांना माहीत आहे: शेवटी तो ट्रॉयला गोळी घालून तुरुंगात जातो, आणि ती विधवा होते.

ओक मात्र त्या पहिल्या नकारानंतर पुन्हा विचारत नाही. शेवटी तो काम सोडणार म्हणून कळवतो, तेव्हा तीच त्याच्या घरी जाते. तू लग्न करशील का, एवढं कळलं असतं तर, असं काहीतरी तो म्हणतो. ते तुला कधीच कळणार नाही, ती पुटपुटते. का? तर तू विचारतच नाहीस, ती म्हणते.