सफरचंदांना कूस बदलायला लावणं

जपानमधल्या हिरोसाकीत एका सफरचंदाच्या बागेत दोन आठवडे फुकट राबले, म्हणजे राहणं-जेवण त्यांचं आणि काम माझं. मला वाटलेलं सफरचंदं तोडायची असतील, पण ऑक्टोबरात पहिलं काम निघालं फळं फिरवायचं! फुजी जातीच्या सफरचंदाला सगळीकडून सारखा लाल रंग यावा म्हणून आधी सावली पाडणारी पानं खुडायची, मग एकेक फळ देठ न तुटता हळूच वळवून मागची बाजू उन्हाकडे करायची, आणि खाली चंदेरी शीट अंथरलेली, ती बुडाला ऊन देते. आमच्या नाशिकला द्राक्षाचे मणी विरळताना बघत मोठी झालेय, तरी हे मला अतिच लाड वाटले. माझ्या हातून चार फळं गळली, बागवाल्या आजी काही बोलल्या नाहीत, गुपचूप उचलून खिशात टाकली. (जास्त लागलं ते!)

सुट्टीच्या दिवशी जुन्या कपड्यांच्या दुकानातून निळा किमोनो आणला. ओबी, म्हणजे त्यावर कमरेला बांधायचा पट्टा, त्याहून महाग, पण घेतला. घरी घालून दाखवला तर आजी किंचाळल्याच, मी उजवी बाजू वर घेतलेली, तसं फक्त मृताला नेसवतात. मग स्वतः सोडून परत नेसवला, डावी बाजू वर, आणि ओबी असा आवळला की रात्री भात अर्धाच गेला.