फियाटच्या जाळीतील झेंडू

ठाण्यात सर्वसाधारण विम्याचे काम करू लागून मला २०२३ मध्ये एकवीस वर्षे झाली होती. इतक्या वर्षांत जुन्या गाड्यांची प्रकरणे हातात आली ती मोजकीच, आणि त्यांतील पहिले मी स्वतःच्या चुकीने बिघडवले होते. २०११ साली एका ग्राहकाच्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरचा हप्ता कमी बसावा म्हणून मी तिचे विमा-घोषित मूल्य (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), म्हणजे ज्याला आम्ही सगळे आयडीव्ही म्हणतो ते, तीस हजार रुपये लावले. पुढे घोडबंदर रस्त्यावर टेम्पोने मागून धडक दिली आणि दुरुस्तीचा अंदाज बावन्न हजारांचा आला. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या पंचाहत्तर टक्क्यांपेक्षा अधिक झाला की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. तीस हजारांचे पंचाहत्तर टक्के साडेबावीस हजारच होतात. मागचा पत्रा सरळ करून रस्त्यावर धावू शकणारी गाडी कागदावर भंगार ठरली, आणि ती स्वतःकडे ठेवायची म्हणून सॅल्व्हेजची, म्हणजे भंगाराच्या किमतीची, रक्कम वजा होऊन त्या गृहस्थांच्या हाती अठरा हजारांच्या आसपास पडले. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, पण पुढच्या वर्षी नूतनीकरणासाठी ते माझ्याकडे आले नाहीत.

हे सांगण्याचे कारण असे की २०२३ च्या डिसेंबरात नौपाड्यातून एका काकांचा फोन आला आणि त्यांनी गाडी ‘फियाट अकराशे, एकोणीसशे चौसष्ट’ असे सांगताच मला पहिल्यांदा ते अठरा हजारच आठवले.

काकांचे वय अठ्ठ्याहत्तर. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली; ते डॉक्टर होते आणि त्या काळी नंबर लावून बसल्यावर कित्येक दिवसांनी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील ही गाडी त्यांच्या दारात आली. इतकी वर्षे ती इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असे आणि तिला फक्त त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्यांच्या होणाऱ्या नुकसानीचा, विमा होता, जो कायद्यानेच सक्तीचा आहे. आता इमारत पुनर्विकासाला जाणार होती, शेड पडणार होती आणि गाडी वागळे इस्टेटमधील एका ओळखीच्या गाळ्यात, दुसऱ्यांच्या सामानाशेजारी ठेवावी लागणार होती. ‘‘ताई, माझ्या नजरेआड ती कधी राहिली नाही,’’ काका म्हणाले. ‘‘आता काय काय उतरवून ठेवायचं ते तुम्ही सांगा.’’

आधीच्या पॉलिसीत गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण नसल्यामुळे पॉलिसी देण्यापूर्वी तपासणी आवश्यक होती. सर्व्हेअर दुपारी येणार होते. मी सकाळीच गेले, कारण मला आधी कागद पाहायचे होते. कागद पाहून मात्र मी खूश झाले. काकांनी गाडी चार वर्षांत पूर्ण उघडून पुन्हा उभी केली होती आणि प्रत्येक बिल एका फायलीत तारखेनुसार लावले होते: पत्र्याचे काम, रंगकाम, सीटची शिलाई, बंपरचे क्रोम, चोर बाजारातून शोधून आणलेल्या दिव्याची चिठ्ठीसुद्धा. एकूण खर्च चार लाख ऐंशी हजारांचा होता, आणि सोबत कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो होते. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जे नियम केले, त्यांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदही झाली होती आणि जुना नंबर कायम राहिला होता. या नोंदीचा एक थेट फायदा असा की अशा खासगी गाडीला त्रयस्थ पक्षाच्या हप्त्यात निम्मी सूट मिळते. फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे, म्हणजे त्या गटाचा हप्ता तेव्हा कर सोडून ३,४१६ रुपये होता. काकांना १,७०८ रुपयेच लागू होते. गेली पॉलिसी देणाऱ्याने पूर्ण हप्ता घेतला होता.

मग मी लॅपटॉप उघडला. विमा कंपनीच्या पोर्टलने उत्पादनाच्या वर्षाच्या यादीत फार मागे जाण्यास नकार दिला आणि ‘इतर’ या रकान्यातून पुढे गेल्यावर आयडीव्ही सुचवला तो चाळीस हजारांचा. मी काकांना पंचाहत्तर टक्क्यांचे गणित समोर मांडून दाखवले: चाळीस हजारांवर तीस हजारांची मर्यादा, आणि पुढची जाळी, बंपर व एक मडगार्ड एवढ्यातच ती ओलांडली जाणार. फियाटचे सुटे भाग मिळणे किती अवघड झाले आहे हे काकांना माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. याच गाडीच्या वंशातली पद्मिनी टॅक्सी दोनच महिन्यांपूर्वी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली होती, आणि त्यांच्या मेकॅनिकच्या मते आता जुन्या भागांचा ओघही आटणार होता.

मूल्याची खरी अडचण मात्र व्याख्येत होती. आपल्याकडच्या मोटर विम्याच्या २००२ च्या दरपत्रकात आधी ठरवलेल्या किमतीची पॉलिसी फक्त व्हिंटेज गाड्यांना देण्याची मुभा होती, आणि तिथे व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली व व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली गाडी. स्वतःच्या नुकसानीचे दर पुढे खुले झाले, तरी पॉलिसीची भाषा बव्हंशी तीच राहिली. परिवहन खात्याच्या लेखी व्हिंटेज असलेली काकांची गाडी विमा कंपनीच्या लेखी नुसतीच म्हातारी होती. कंपनीच्या अंडररायटिंग विभागातील, म्हणजे विमा कोणत्या अटींवर द्यायचा ते ठरवणाऱ्या विभागातील, गृहस्थांनी फोनवर हेच मला ऐकवले. मी त्यांना त्याच भाषेतील दुसरे कलम वाचून दाखवले. घसाऱ्याचा, म्हणजे वयानुसार किंमत कमी करण्याचा, तक्ता पाच वर्षांपर्यंतच आहे. त्यापुढच्या आणि उत्पादन बंद झालेल्या गाड्यांचा आयडीव्ही कंपनी आणि विमाधारक यांनी परस्पर संमतीने ठरवायचा असतो, आणि एकदा ठरलेली ती रक्कम पूर्ण नुकसानीच्या दाव्यासाठी वर्षभर बाजारभाव म्हणून धरली जाते, तिच्यातून पुन्हा घसारा कापला जात नाही. नाव वेगळे असले तरी आम्हाला हवे होते ते जवळजवळ हेच. ‘‘मूल्यांकनाचा अहवाल आणि बिलं पाठवा, बघतो,’’ असे उत्तर आले, आणि या क्षेत्रात ‘बघतो’ हा बराच आशादायक शब्द आहे.

फक्त त्रयस्थ पक्षासोबत आग आणि चोरी एवढेच संरक्षण घेण्याचाही एक पर्याय असतो, जो बहुतेक शाखांतील मुलांना ठाऊकही नसतो. गाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीला तो पुरेसा वाटतो आणि हप्ताही बराच वाचतो. तरी मी काकांना सर्वसमावेशक पॉलिसीच घ्यायला सांगितले. महिन्यातून दोनदा ते गाडी बाहेर काढत, आणि वंदना डेपोपाशी पावसाळ्यात किती पाणी साचते हे ठाणेकराला सांगावे लागत नाही. मात्र अंशतः नुकसानीत दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो, रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांवरही निम्मा, तर काचेवर आणि मजुरीवर काहीच नाही, हे मी त्यांना लिहून दिले. म्हणून गॅरेजवाल्याने कधी एकरकमी बिल करू नये. जुन्या गाडीत बहुतेक काम हाताचे असते आणि ते मजुरी म्हणून वेगळे दिसले पाहिजे. शून्य घसाऱ्याचे जोडसंरक्षण इतक्या जुन्या गाडीला आम्हाला कोणी देऊ केले नाही.

सर्व्हेअर तीनच्या सुमारास आले. त्यांनी चेसिस नंबरचा ठसा घेतला, फोटो काढले, बॉनेटवरून हात फिरवला आणि तो तिथेच थांबवला. काळजीपूर्वक पुसलेल्या रंगावर सेलोटेपच्या चिकटपणाच्या दोन सरळ रेषा होत्या. मग ते खाली वाकले आणि समोरच्या जाळीतून त्यांनी दोन बोटांनी झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या बाहेर काढल्या. ‘‘दसऱ्याच्या आहेत का?’’ त्यांनी सहज विचारले. काका ‘हो’ म्हणणार होते, पण पाकळ्यांसोबत जरीच्या लेसचा तुकडाही निघाला होता. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाने मान खाली घातली.

तुळशीच्या लग्नानंतर त्याने गाडी चार वरातींना दिली होती. ‘‘बाबा, फक्त पेट्रोलपुरते घेतले,’’ तो म्हणाला. पेट्रोलपुरते म्हणजे किती, हे मी विचारले नाही, कारण उत्तराने फरक पडणार नव्हता. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदल्याने वापर केल्यास संरक्षण नसते, आणि व्हिंटेज नोंदणीच्या नियमांतही व्यावसायिक वापराला बंदी आहे. वरातीत अपघात झाला असता तर गाडीचे सोडाच, जखमी झालेल्या माणसाच्या भरपाईचा बोजाही शेवटी काकांवर येण्याची भीती होती. हे मी सांगितले तेव्हा मुलाने मान वर केली. पैशांच्या बाबतीत तो वाईट नव्हता. टायरचा खर्च वडिलांना सांगायचा नव्हता, इतकेच.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी प्रपोजल फॉर्म मागून घेतला आणि वापराच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात ‘खासगी’ लिहिले. ‘‘रविवारी शेजारच्या मुलीची पाठवणी आहे,’’ ते मुलाला म्हणाले, ‘‘गाडी जाईल. पण एक रुपयाही घ्यायचा नाही. पेट्रोल मी भरीन.’’ बिनमोबदल्याने गाडी देण्यास विम्याच्या बाजूने हरकत नव्हती, तसे मी सांगितले.

आयडीव्ही सहा लाखांवर मान्य झाला. सर्व्हेअरच्या अहवालापेक्षा पन्नास हजारांनी कमी. शुक्रवारी पॉलिसी आली. शनिवारी सकाळी सातला काकांचा फोन. भिंग लावून त्यांनी ती वाचली होती, आणि उत्पादनाचे वर्ष १९९४ छापले गेले होते. ‘इतर’ रकान्यातून भरताना कोणाच्या तरी हातून आकडा बदलला होता. मी लगेच दुरुस्तीचा अर्ज पाठवला, चूक टंकलेखनाची आहे आणि चेसिस नंबर बरोबर आहे हेही समजावले, पण काकांनी ऐकले नाही.

रविवारी नवरी इनोव्हातून गेली. दुरुस्तीची एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचे दुरुस्तीपत्र, मंगळवारी आली, आणि बुधवारी काकांनी गाडी गाळ्यातून काढून तलावपाळीला एक फेरी मारून पुन्हा आत ठेवली.