धरलंय, धरलंय!

मे महिन्याची दुपार, पारा 43 वर. अशा वेळी सोलापुरात रस्त्यावर दिसतो तो कुरिअरवाला, नाहीतर वावटळ. परवा वावटळ आमच्या अंगणात शिरली आणि गाडीवरची चादर उडवून गेली.

गाडी म्हणजे माझी स्कूटी. मीच हट्टानं घेतली, त्याला वर्ष झालं. घेतल्यापासून ती घरातल्या जुन्या चादरीखाली झोपलेली. फरशी अंगारासारखी तापली होती, तरी चप्पल न घालताच धावले. चादर घातली आणि लक्षात आलं, उलटी पडलीय. आता सोलापुरी चादरीला उलटं काय नि सुलटं काय! जकार्ड मागावरची वीण ती. एका बाजूला लालवर पांढरी नक्षी, पलटली की पांढऱ्यावर लाल. पण आमची आई म्हणायची, लाल बाजू वर. का, ते तिलाच ठाऊक. मी पाय भाजत उभी राहून चादर पलटली.

कुंपणापलीकडून शेजारीण बघत होती. "अक्का, रोज झाकताय की. चालवणार कधी?"

हे तिनं विचारावं! तीन वर्षांपूर्वी हीच बाई माझ्या स्वयंपाकघरात बसून रडत होती. हातात कडक भाकरी अशी, की मालदांडी ज्वारीच्या पिठाची पापुद्र्यासारखी थापायची, तव्यावर फडक्यानं दाबत दाबत शेकायची, महिनाभर कुरकुरीत. पण विकायची म्हटलं की, "कोण घेणार हो माझी?" मी तिला हिशेब मांडून दिला, पिशवीवरचं लेबल पसंत केलं, ऑफिसात पहिली 20 पाकिटं मीच खपवली. "तुझं होतंय की नाही बघ," असं छातीठोक सांगितलं. आज पुण्याला जाणाऱ्या गाडीनं तिची खोकी जातात.

धीर देण्यात माझा हात कुणी धरणार नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला नंदीध्वज निघतात, सात काठ्या. ती एवढी उंच काठी बाराबंदीतला एकटा माणूस तोलत येतो, आणि कडेला उभी राहून मी अशी ओरडते, जणू काठी माझ्याच भरवशावर उभी आहे. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" दोन दिवस घसा बसलेला. घरचे हसतात.

सवय लहानपणची. आबा गिरणीत. सुट्टीत आम्ही भाड्यानं सायकल आणायचो, तासाला आठ आणे, आणि पार्क मैदानाकडे पळायचो. आधी धाकटा भाऊ बसणार, मग चुलतभाऊ, मग गल्लीतला कुणी. मागून कॅरिअर धरून पळणार मी. फ्रॉकला ऑइलचे डाग, तोंडात धूळ. "ताई, सोडू नको!" "धरलंय, धरलंय, तू पायडल मार!" आणि हे म्हणता म्हणता हात कधीच सुटलेला असायचा. भाऊ पुढं चाललेला, मी कमरेवर हात ठेवून धापा टाकत, अजून "धरलंय" ओरडतेय. तीन-चार पोरं मी अशी खोटं बोलून सायकलवर बसवली.

शेवटी माझी पाळी. तेवढ्यात गिरणीचा भोंगा व्हायचा. घड्याळ कुणाकडे होतं? भोंगा झाला, तास संपला, सायकल परत. कितीतरी वर्षं मी हे सगळ्यांना तक्रारीच्या सुरात सांगत आले, की बघा, भोंग्यानं माझी सायकल राहिली. परवा चादर पलटताना आठवलं ते वेगळंच. भाऊ एकेक चक्कर वाढवायचा, आणि मी त्याला कधी "पुरे, उतर" म्हटलं नाही. भोंगा कधी होतोय याची मीच वाट बघत असायची.

कारण माझ्यामागं कुणी "धरलंय" म्हणालं असतं, तर मला ते पटलं नसतं. त्या शब्दात काय असतं ते मला आतून ठाऊक. हलवायाला आपली मिठाई गोड लागत नाही, तसं काहीतरी. की तसं नाही? उन्हात डोकं चालत नाही.

शेजारणीला म्हटलं, "उद्या पहाटे काढते. सहाला चार पुतळ्यापर्यंत, रिकाम्या रस्त्यानं."

"मी येऊ का मागं बसायला?"

"तुला चालवता येतं?"

"नाही की. तुम्ही आहात की!"

संध्याकाळी म्हटलं, चालू तरी करून बघू. किल्ली फिरवली, बटण दाबलं. नुसतं टक्. वर्षभर उभी गाडी, बॅटरी उतरलेली. मेकॅनिकला फोन लावला. पोरगं नवीन दिसतंय, म्हणालं, "मॅडम, ही गाडी मी आजवर उघडली नाही, जमतंय का बघतो."

"जमतंय रे, न जमायला काय झालं?" मी म्हणाले. "सावकाश ये. परवा आलास तरी चालेल."