ओल्या कचऱ्याचं मशीन आणि अडीच महिन्यांचं ‘उद्या’

आम्ही चेंबूरचे. २०१६च्या जानेवारीत देवनारचं डम्पिंग पेटलं, तेव्हा दारं-खिडक्या लावूनही घरात धुराचा वास होता. १९२७पासून मुंबईचा कचरा तिथे पडतोय. त्यामुळे दिवसाला १०० किलोंपेक्षा जास्त कचरा निघणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा, असं २०१७मध्ये महापालिकेने सांगितलं, ते मला मनापासून पटलं होतं. आमच्याकडे ते प्रत्यक्षात यायला बरीच वर्षं गेली. पण एकदा मनावर घेतल्यावर कोटेशनं, ठराव, वर्गणी सगळं महिन्याभरात झालं.

अडलं ते ओल्या कचऱ्याचं खत करणारं मशीन बसल्यावर. नवव्या दिवशी ते घरघरलं आणि थांबलं. कंपनीला फोन केला. “मॅडम, उद्या माणूस येतोय.” तक्रार नंबर मिळाला, माणूस नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा फोन, नवा नंबर, पुन्हा ‘उद्या’. असे अडीच महिने! तोवर ओला कचरा मागच्या भिंतीलगत पिंपांत साठत होता. पिंपांखालून काळं पाणी वाहायचं, झाकण उघडलं की अळ्या वळवळायच्या. तळमजल्यावरच्या आजींनी स्वयंपाकघराची खिडकी उघडणं सोडून दिलं. त्यांच्यासमोरून जाताना मला अपराधी वाटायचं, कारण मशीनचा आग्रह माझा होता.

तुम्ही मशीन घेणार असाल तर सगळे पैसे आधी देऊ नका. बिघाड झाल्यावर किती तासांत माणूस येणार, हे करारात लिहून घ्या. आम्ही दोन्ही केलं नव्हतं.

शेवटी आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “ताई, मेन स्विच बंद करा, मी बघते.” झाकण उघडलं. आतल्या दांड्याला हारांचे दोरे गुंडाळले होते, मनगटाएवढा जाड, चिकट पीळ. घराघरांतलं निर्माल्य दोऱ्यासकट आत जात होतं. मावशींनी कोयत्याने तो पीळ कापून काढला. अर्ध्या तासात मशीन फिरलं. मला रडूच आलं.

वासाचा उपायही त्यांनीच काढला. प्रत्येक बादलीमागे लाकडाचा भुसा आणि आवारातला वाळका पाला. मिश्रण मुठीत दाबायचं. पाणी गळलं तर भुसा कमी पडलाय. मशीनमधून निघालेलं मिश्रण आम्ही क्रेटमध्ये कुजायला ठेवतो. आता त्यात हात घातला की खत आतून चांगलं गरम लागतं, म्हणजे कुजणं नीट चाललंय. सोसायटीने मावशींना या कामाचे वेगळे पैसे सुरू केले. त्यासाठी मी कमिटीशी भांडले.

त्यानंतर दहा दिवसांनी कंपनीचा माणूस आला आणि ‘दुरुस्ती पूर्ण’ लिहिलेला कागद पुढे केला. मी सही केली नाही.

आणि हो, नारळाच्या करवंट्या मशीनमध्ये टाकू नका, पाती तुटतात. हारांचे दोरे घरीच काढून सुक्या कचऱ्यात टाका.