चष्म्यावरची वाफ

तक्रार साधी होती: घर गरम करणारा गॅसचा बॉयलर पेटतो, पण खोल्यांतले रेडिएटर गार. घर तीन वर्षं बंद. आजी आदल्याच दिवशी राहायला आल्या होत्या. जावयाने संध्याकाळी बॉयलर लावून दिला आणि तो निघून गेला. दार उघडता उघडता आजी म्हणाल्या, "प्रवासाने डोकं धरलंय हो. घर तेवढं गरम करून द्या, म्हणजे जरा पडते." मी विचारलं, तापलेलं पाणी रेडिएटरकडे ढकलणारा पंप कुठे आहे?

बंद घरातला बॉयलर चालू करायचा म्हणजे बटण दाबायचं, असं लोक समजतात. बटण सगळ्यात शेवटी. आधी पाणी. पाण्याचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्यावर होता आणि जावईबापूंनी तिकडे पाहिलंही नव्हतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. त्याने पाइप फाटला तरी आत बर्फ असेपर्यंत थेंब पडत नाही, वितळलं की भिंत ओली होते. म्हणून आधी थोडंसंच पाणी भरून खोल्या फिरलो, प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून पाहिला. एक व्हॉल्व्ह पाझरत होता, तो आवळला. तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या एक्स्पान्शन टँकला सायकलच्या ट्यूबसारखा वाल्व असतो, त्याची पिन दाबली. हवाच आली, पाणी नाही, म्हणजे आतला पडदा शाबूत. मग दाब सव्वा बारवर आणून ठेवला.

पंप हे माझं लाडकं काम. पाणी वर्षानुवर्षं हललं नाही की काळा गाळ खाली बसतो आणि पंपाचा दांडा जाम होतो. वीज पोचते, पंप गुणगुणतो, हाताला तापलेला लागतो, पण फिरत नाही. आमच्यातले निम्मे लोक इथे सरळ नवीन पंप मागवतात; बदलणं सोपं आणि बिलही मोठं. मी वीज बंद केली, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले, मधला स्क्रू काढला. चमचाभर काळं पाणी फडक्यावर आलं. दांड्याच्या खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर बसवला. जोर लावायचा नाही, खाच तुटते. इकडे केसभर, तिकडे केसभर. पाचेक मिनिटं काहीच नाही, आणि मग तो सुटला. कानाला काही ऐकू येत नाही, मनगटाला कळतं. वीज दिली, पाइपवर तळहात ठेवला, ऊब हाताखालून पुढे सरकत गेली.

मग बॉयलर बंद करून खालच्या मजल्यापासून वरपर्यंत रेडिएटरमधली हवा काढली, पुन्हा दाब भरला. बर्नर झाडला, त्यात कोळ्याची जाळी होती. ज्योत निळी, स्थिर. साठलेली धूळ जळायला लागली तसा घरभर वास सुटला, म्हणून मी स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या उघडल्या.

इथे मी चुकलो.

हा बॉयलर जुन्या पद्धतीचा, म्हणजे जळायला लागणारी हवा खोलीतूनच घेणारा. धूर धुराड्यातून वर जातोय ना, हे पाहायला बॉयलरवरच्या हुडच्या, म्हणजे धूर धुराड्यात नेणाऱ्या झाकणाच्या, काठाशी धुराची काडी धरतात. धूर आत खेचला गेला तर ठीक. माझा धूर सुरेख आत गेला. फॉर्मवर 'धूर चाचणी: समाधानकारक' पुढे बरोबरची खूण केली आणि हत्यारं भरायला घेतली.

आजींना थंडी वाजत होती. त्यांनी खिडक्या लावल्या, आणि वास जावा म्हणून ओट्यावरचा एक्झॉस्ट लावला. मी बॉयलरखाली पडलेला पाना उचलायला वाकलो, उभा राहिलो, आणि आजी म्हणाल्या, "तुमच्या चष्म्याला काय झालं?"

काचा पांढऱ्या झाल्या होत्या. बर्नरच्या धुरात भरपूर वाफ असते. ती वर जायची सोडून माझ्या तोंडावर येत होती.

बॉयलर बंद केला, खिडक्या उघडल्या, आजींना अंगणात बसवलं. खोलीतला कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे वास नसलेला विषारी वायू, मोजायचा मीटर गाडीत होता. कामाच्या जागी नव्हता, हेही लिहितो. सगळं थंड झाल्यावर खिडक्या लावून, पंखा लावून, मीटर हातात धरून पुन्हा पेटवलं. काडीचा धूर हुडपाशी घुटमळला आणि बाहेर वळला. मीटर ३ पीपीएमवरून (हवेच्या दहा लाख भागांत ३ भाग) ४० च्या पुढे गेला तेव्हा मी गॅसचा कॉकच बंद केला.

यंत्रात काही बिघाड नव्हता. तीन वर्षं ते पडून होतं आणि मधल्या काळात घर बदललं होतं. फटीच्या जुन्या खिडक्या जाऊन हवाबंद आल्या. ओट्यावर दणकट एक्झॉस्ट आला. भिंतीतली हवेची जाळी कुणीतरी गार वारा येतो म्हणून फोम भरून वरून रंगवून टाकली होती. मी बोटाने टोकरून शोधली. पंखा हवा बाहेर फेकतो, आत यायला धुराड्याशिवाय वाट उरत नाही. नव्या यंत्रांत धूर उलटला की बर्नर बंद करणारा सेन्सर असतो, हा त्याआधीचा. फळीवर या वायूचा अलार्म होता. बटण दाबलं की छान वाजत होता, पण बटणाने कळतं ते बॅटरी आणि भोंग्याचं. मागे छापलेली मुदत केव्हाच संपली होती.

अंगणात आजी म्हणाल्या, "बाहेर आलं की बरं वाटतं बघा. सकाळीही असंच झालं." म्हणजे आदल्या संध्याकाळपासून बर्नर तापून बंद, निवून चालू, असं करत त्याच हवेत जळत होता. कार्बन मोनॉक्साइड रक्ताला ऑक्सिजनच्या २०० हून अधिक पटीने चिकटतो. मोकळ्या हवेत काही तासांत उतरत जातो, म्हणून लगेच दवाखान्यात जा आणि रक्त तपासताना याच वायूचं नाव सांगा, असं लिहून दिलं.

जावयांना फोन केला. ते म्हणाले, "पण काल तर पेटला होता ना?"

फॉर्मवर ती बरोबरची खूण खोडून शेजारी सही केली. खूण करतानाची वेळ २:१०, खोडतानाची २:४०. आजींनी खिडक्या लावायला वीस मिनिटं उशीर केला असता, तर पहिली खूण तशीच राहिली असती.