किलोमागे चार आणे

मागच्या वेळी मी सगळ्यांची नावं घालून आठवण लिहिली होती, त्यात एका भाऊचं नाव राहिलं, तर तो दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. समोरून मोटरसायकलवर यायचा आणि मान तिकडे. म्हणून यंदा कोणाचंच नाव नाही. कामावरून ज्याने त्याने आपापलं ओळखून घ्या.

तर आपल्या मुलींच्या कबड्डी टीमसाठी जो वजन उचलायचा कार्यक्रम आपण करतो, २६ जानेवारीच्या आसपासचा रविवार धरून, त्याची ही आठवण. मी खजिनदार, म्हणजे वही माझ्याकडे, म्हणजे शिव्याही माझ्याकडेच. सुरू झालं २०१७ ला. त्याआधी आपण पावतीपुस्तक घेऊन फिरायचो, पण अमळनेरच्या बाजारपेठेत गणपतीची पावती, नवरात्रीची पावती, सखाराम महाराजांच्या यात्रेला भंडाऱ्याची पावती, एवढं झाल्यावर आपण कबड्डीचं पुस्तक काढलं की दुकानदार गल्ल्याकडे न बघता वर पंख्याकडे बघायचा. मग आपल्यापैकी एकाचा भाचा अमेरिकेत असतो, त्याने फोनवर सांगितलं की इकडे शाळांच्या फुटबॉल टीम लिफ्ट-अ-थॉन करतात, खेळाडू वजन उचलतो आणि लोक पौंडामागे पैसे कबूल करतात, जेवढं उचललं तेवढ्याचे द्यायचे. आपले कोच सर म्हणाले, हे जमेल, आपल्या पोरी तशाही डेडलिफ्ट मारतातच, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा दांडा उचलून सरळ उभं राहायचं, हातात हात धरून चेनमध्ये रेडर ओढायला पाठ-मांडी लागतेच ना.

उद्घाटनाचं काही लिहीत नाही. नारळ, हनुमानाच्या फोटोला हार, शाल, पाहुण्यांचं भाषण. पाहुणे कोणीही असोत, भाषणात मल्लेश्वरी येतेच, २००० सालचं सिडनी, भारतीय बाईचं पहिलं ऑलिंपिक पदक वेटलिफ्टिंगमधलंच, मग मीराबाई चानू, आणि २०२३ पासून आपल्या सांगलीचा संकेत सरगर, बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला १ किलोने सोनं हुकलं त्याचं. हे मला दर वर्षी ऐकायला आवडतं खरं म्हणजे, पण तोवर माझं अर्धं लक्ष गेटकडे असतं. कोण आलं, कोण नाही आलं.

आता न आलेल्यांबद्दल बोलूनच टाकतो म्हणजे पोटातलं जाईल. आपलेच जुने खेळाडू, आता पुणे-नाशिकला सेटल झालेले, ग्रुपवर मुठीचे इमोजी टाकतात, "प्राऊड ऑफ यू गर्ल्स", आणि कार्यक्रमाला एकही नाही. लग्नाची तिथी होती म्हणे. अरे भो, जानेवारीत दर रविवारी तिथी असते का? २०२४ चं मात्र मी समजू शकतो, २ फेब्रुवारीपासून आपल्या गावात साहित्य संमेलन होतं, १९५२ नंतर पहिल्यांदाच, आख्ख्या गावाचा मंडप तिकडे, खुर्च्या तिकडे, पोरंटोरं स्वयंसेवक म्हणून तिकडे. आपण २८ जानेवारीला उन्हात सतरंज्या टाकून कार्यक्रम केला. संमेलनाचा अभिमान आहेच, पण त्या वर्षीची वही बघितली की अजून वाईट वाटतं.

पद्धत अशी ठरली ती तशीच राहिली. प्रत्येक पोरीला तीन उचली, त्यातली सगळ्यात जड धरायची, तिन्ही फेल तर शून्य. दांडा २० किलोचा, प्लेटा जिमवाल्या दादाच्या, त्याने आजवर एक रुपया भाडं घेतलं नाही आणि स्वतःच्या छोटा हत्तीत आणून टाकतो (डिझेलचे पण घेत नाही, मी दोनदा खिशात कोंबून बघितले). खाली अंथरायला जिनिंगमधून जुनी बारदानं येतात. पहिल्या वर्षी कोणीतरी हुशारी करून कबड्डीची मॅट अंथरत होतं, तर सरांचा आवाज बोरी नदीच्या पलीकडे गेला असेल.

सर म्हणजे नियमाला एकदम कडक. पाठ वाकली की उचल बाद, पोरगी कितीही रडो. एकदा एका पोरीवर कापसाच्या व्यापाऱ्याने किलोमागे २० रुपये लावले होते, तिने ८० आरामात काढलं, ९० मागितलं, सर म्हणाले नाही, बस. मी कोपऱ्यात वही धरून मनात हिशोब करतोय, सर, दहा किलोचे दोनशे रुपये गेले ना. रात्री त्यांना तसं बोललो पण. ते म्हणाले, दोनशे मी देतो, तिची कंबर तुम्ही देणार का? मी गप्प.

मध्ये मार्केट यार्डातल्या हमाल भावांचा एक राउंड असतो, तो धमाल. पन्नास किलोचं पोतं पाठीवर टाकून ही माणसं चालता चालता विडी मागतात, पण दांडा हातात आला की पहिल्या वर्षी सगळे चुकले, दांडा गोल फिरतो ना हातात, पोत्याला कान असतो. एकजण म्हणाला, याच्यापेक्षा जत्रेतल्या बारागाड्या ओढलेल्या परवडल्या. आता मात्र शिकलेत, आणि त्यांच्या राउंडचे पैसे ते स्वतःच एकमेकांवर लावतात, तिथल्या तिथे रोख. वहीत उधारी शून्य असलेला हा एकच राउंड आहे, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

पण मी ज्याच्यासाठी वर्षभर थांबतो ती गोष्ट वेगळी. उचलायच्या आधी प्रत्येक पोरगी माइकवर येऊन आपली चिठ्ठी वाचते, आपल्यावर कोणी किती लावलेत ते. सरांनी हे सुरू केलं ते पोरींची भीड चेपावी म्हणून. नावं वाचताना माणसं गर्दीत कशी बसतात बघा तुम्ही, मेडिकलवाले काका आपलं नाव यायच्या आधीच मांडी सावरून बसतात.

आपली लेफ्ट कॉर्नर खेळणारी पोर, तिची आजी जवळच्या खेड्यातून सकाळच्या एसटीने येते. पहिल्याच वर्षी मी वही घेऊन फिरत होतो तर तिने माझा शर्ट ओढला आणि म्हणाली, "मन्हं बी लिखी ले रे भाऊ, किलोले चार आना." मी म्हटलं, आजी, चार आणे २०११ लाच बंद झाले सरकारने. तर म्हणाली, लिखी ले. लिहिलं. पोरीने त्या दिवशी ६० किलो काढले, दांडा खाली टेकला तेवढ्यात आजी माझ्यासमोर हजर, पदराची गाठ दातांनी सोडतेय. एक दहाची नोट चार घड्या घातलेली, आणि पाचाचं नाणं. "पंधरा व्हयनात ना?" मी हिशोब करायच्या आधी तिचा झाला होता.

पुढच्या वर्षी तीच पोर माइकवर. मामा, किलोमागे पाच रुपये. किराणावाले काका, दोन रुपये. मग थोडी थांबली, आणि आजी, चार आणे. लोक हसले. वाईट हसू नव्हतं ते, पण हसले. पोरीने चिठ्ठी खाली केली आणि सरळ बघून म्हणाली, "हसू नका, मागच्या वर्षीचे तिचे सगळ्यात आधी आलेत." आणि मान खाली घालून दांड्याकडे गेली, हाताला खडू लावायला. मामांची आणि किराणावाल्यांची मागच्या वर्षीची बाकी माझ्या वहीत होती, हे मला माहीत, त्यांना माहीत, आणि तिला कसं कळलं ते मी आजवर विचारलं नाही. त्या संध्याकाळी दोघेही येऊन देऊन गेले, न बोलता.

तेव्हापासून आपल्याकडे बोलीच चार आण्यात लागते. पाच रुपये कोणी म्हणतच नाही, "लिही आपले वीस चाराणे." २०२१ आणि २०२२ ला कोरोनाने कार्यक्रम झाला नाही, तेव्हाही आजीने नातीकडे पाकीट पाठवलं होतं, अंदाजाने. पोर आता कॉलेजात आहे, ८५ काढते, आणि चिठ्ठीत आजीचं नाव अजून शेवटीच वाचते, पण आता तिथे कोणी हसत नाही, उलट तिथेच टाळी येते. मी दर वर्षी त्या वेळेला वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं करतो.

मग भरीत. बामणोदची वांगी आणणारे आप्पा, पहाटे चारला उठून कपाशीच्या काड्यांवर भाजणारे तिघे भाऊ, लाकडी बडगीत ठेचणारे दोघे (त्यातल्या एकाचा खांदा यंदा दुखत होता तरी आला), कळण्याच्या भाकरी थापणाऱ्या गल्लीतल्या वहिनी, काकू, आणि पोरींच्या आया, ज्यांनी आपल्या पोरीची उचल चुलीपाशी उभं राहून बघितली. पाण्याचे जार देणारा, साऊंडवाला, त्याचा नवीन पोरगा ज्याने मल्लेश्वरीच्या मध्येच डीजे चालू केला, बर्फाच्या पिशव्या घेऊन बसलेले डॉक्टर, प्लेटांवर खडूने किलो लिहिणारी चिमुरडी, एसटी स्टँडवरून आजींना आणणारा रिक्षावाला. बारदानं झटकून परत नेणारे. आणि हो, मागच्या वेळी राहिलेला तो भाऊ, गेटवर गाड्या लावणारा, दिवसभर उन्हात उभा होता, भरीत पण गेटवरच खाल्लं, यंदा पहिला तूच रे बाबा, शेवटी लिहिला म्हणून रागावू नको.

अडीच किलोची एक प्लेट अजून सापडलेली नाही. मला वाटतं भाकरीच्या टोपल्यावर कापड उडू नये म्हणून कोणीतरी ठेवली होती. ज्या घरी टोपलं गेलं असेल त्यांनी जिमवर नेऊन द्या, दादा मागत नाही पण मला लाज वाटते.