नवरा न्यू जर्सीत, मी नागपुरात आणि रिटर्नवर सही दोघांची

आमच्या त्रिमूर्ती नगरात नुसती ओळखीची घरं आठवली तरी लक्षात येतं की किती ठिकाणी एक जण अमेरिकेत आणि दुसरं इथे असं चालू आहे. कोणी इथल्या मिहानमधल्या आयटी कंपनीतून ऑनसाइट गेलेलं, कोणी पुण्याहून, आणि इथे बायकोची नोकरी, मुलाची शाळा, सासऱ्यांचं दुखणं, म्हणून ती इथेच. मग फेब्रुवारी उजाडला की तिकडून फोन येतो, "अगं, यावर्षी जॉइंट रिटर्न भरून राहिलो, बराच टॅक्स वाचतो, तुझी एक सही लागेल." आणि बहुतेक बायका सही करून देतात, कारण नवरा म्हणतो आहे आणि टॅक्स वाचतो आहे. मला याच गोष्टीबद्दल लिहायचं आहे, कारण ती सही म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी नाही, तिच्यासोबत आपला इथला पगार, इथलं व्याज, इथले फंड सगळं अमेरिकेच्या टॅक्समध्ये जाऊन बसतं आणि हे सही करणाऱ्या बाईला कोणी बसून सांगतच नाही.

आपल्याकडे नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न हा प्रकारच नाही, ज्याचं पॅन त्याचं रिटर्न. अमेरिकेत मात्र ३१ डिसेंबरला तुमचं लग्न झालेलं असेल तर त्या पूर्ण वर्षासाठी तुम्ही विवाहित धरले जाता, मग बायको नागपुरात असो की आणखी कुठे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेली खूप पोरं "बायको तर इकडे नाही" म्हणून सरळ सिंगल टिक करतात, ते चूक आहे. सहसा खरे पर्याय दोनच, एकतर विवाहित पण वेगळं रिटर्न, नाहीतर जॉइंट. आणि जॉइंट करायचं तर इथे बसलेल्या जोडीदाराला त्या वर्षापासून अमेरिकेचा टॅक्स रेसिडेंट, म्हणजे टॅक्सपुरता तिथला रहिवासी, धरा असं दोघांनी मिळून लिहून द्यावं लागतं. त्यांच्या कायद्यात कलम ६०१३ (जी) आहे त्यासाठी. त्या निवेदनावर दोघांच्याही सह्या लागतात.

टॅक्स वाचतो हे मात्र खरं आहे, त्यात शंका नाही. मी स्वतः मांडून पाहिलं. समजा नवऱ्याचा पगार ९५,००० डॉलर आहे आणि दुसरं काही उत्पन्न नाही. २०२४ सालासाठी वेगळं रिटर्न भरणाऱ्याला स्टँडर्ड डिडक्शन १४,६०० डॉलर, जॉइंटला २९,२००. शिवाय जॉइंटचे स्लॅबही दुप्पट रुंद, १२ टक्क्यांचा स्लॅब वेगळ्याला ४७,१५० ला संपतो तर जॉइंटला ९४,३०० पर्यंत जातो. हिशोब केला तर वेगळ्या रिटर्नला फेडरल, म्हणजे केंद्राचा टॅक्स १२,७४१ डॉलर येतो आणि जॉइंटला ७,४३२, म्हणजे ५,३०० डॉलरचा फरक, आपले साडेचार लाखाच्या आसपास. एवढा पैसा कोणी सोडावा असं मी म्हणणार नाही. (राज्याचं रिटर्न वेगळं, त्यात मी इथे शिरत नाही.)

पण हा आकडा बायकोचं उत्पन्न शून्य धरून आला आहे नं! मी ज्युनिअर कॉलेजला शिकवते, मला पगार आहे, एफडी आहे, पीपीएफ आहे. जॉइंट केलं की माझं जगभरातलं उत्पन्न, म्हणजे नागपुरातलंच, फॉर्म १०४० वर, म्हणजे त्यांच्या मुख्य रिटर्नवर दाखवावं लागतं. आणि त्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे आपला फॉर्म १६ तिथे सरळ चालत नाही, जानेवारी ते मार्च एका आर्थिक वर्षातून आणि एप्रिल ते डिसेंबर दुसऱ्यातून काढून, महिन्याच्या सॅलरी स्लिपवरून बेरीज करावी लागते. व्याजाचंही तसंच. पीपीएफचं व्याज इथे करमुक्त आहे म्हणून तिथेही असेल असं समजू नका, त्यांच्या कायद्यात त्याला तशी सूट नाही.

यावर लगेच उत्तर येतं की डबल टॅक्स नाही लागत, दोन देशांचा करार आहे ना. क्रेडिट मिळतं, फॉर्म १११६ भरून, पण इथे जेवढा टॅक्स भरला तेवढ्याचंच. माझ्यासारख्या पगाराला इथली रिबेट मिळून इथला टॅक्स शून्य झाला तर तिकडे क्रेडिट कशाचं मागणार? पगारापुरती एक दुसरी वाट आहे, सलग बारा महिन्यांत ३३० पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर राहिलेल्या माणसाला फॉर्म २५५५ भरून परदेशात कमावलेला पगार वगळता येतो, २०२४ ला त्याची मर्यादा १,२६,५०० डॉलर होती. नागपुरात नोकरी करणाऱ्या बाईला हे सहज बसतं. पण उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत नवऱ्याकडे दोन महिने राहून आलात तर ३३० चं गणित बिघडू शकतं, म्हणून तिकीट काढतानाच दिवस मोजून ठेवा. आणि हे फक्त कमाईला लागू, एफडीच्या व्याजाला, घरभाड्याला नाही.

म्युच्युअल फंडाचं तर मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं. आपले इथले फंड, एसआयपी, टॅक्स वाचवायला घेतलेले ईएलएसएस, हे सगळे अमेरिकेच्या दृष्टीने पीएफआयसी (परदेशी गुंतवणूक कंपनी) नावाच्या प्रकारात मोडतात आणि त्यावरचा टॅक्स फार जाचक आहे, विकल्यावर आलेला नफा मागच्या वर्षांत वाटून त्या त्या वर्षाचा सर्वात वरचा दर आणि वर व्याज. ठराविक रकमेच्या वर गेलं की प्रत्येक फंडासाठी वेगळा फॉर्म ८६२१. मनीष नगरच्या माझ्या एका मैत्रिणीचे लग्नाआधीपासूनचे फंड आहेत आणि वडिलांनी दिलेल्या फ्लॅटचं भाडं येतं, तिनं सगळं मांडून पाहिलं आणि नवऱ्याला सांगितलं की तू वेगळंच भर. मला तिचा निर्णय एकदम पटला. तिच्या स्वतःच्या नावावरची कमाई आहे ती, नवऱ्याचे काही हजार डॉलर वाचावे म्हणून तिनं ती त्या जंजाळात का टाकावी.

आमचं उलट, माझे फंड नाहीत आणि व्याज थोडं, म्हणून आम्ही जॉइंट केलं. पण त्याआधी मी नवऱ्याला म्हटलं की तुझं रिटर्न मला पूर्ण वाचायचं आहे, पहिल्या पानापासून. तो म्हणाला, "वाच की, तुझंही आहे ते." रात्री कॉलवर एकेक ओळ पाहिली. हे करायलाच हवं, कारण जॉइंट रिटर्नवर सही केली की त्या टॅक्सची जबाबदारी दोघांवर एकत्र आणि प्रत्येकावर पूर्ण येते, उद्या वेगळे झालात तरी त्या वर्षापुरती ती राहते. जोडीदारानं लपवलेलं मला माहीतच नव्हतं असं म्हणून फॉर्म ८८५७ नं दाद मागता येते, पण ते सिद्ध करत बसावं लागतं.

आणि हे एका वर्षाचं नसतं. ६०१३ (जी) ची निवड एकदा केली की पुढच्या वर्षांनाही लागू राहते. पुढे वेगळं रिटर्न भरायला परवानगी आहे, पण तरी बायको रेसिडेंटच धरली जाते. रद्द करता येते, मात्र एकदा संपली की त्या दोघांना पुन्हा कधीच नाही मिळत. म्हणजे पुढच्या तीन-चार वर्षांत घर विकायचं आहे का, फंड काढायचे आहेत का, हा विचार पहिल्याच वर्षी.

कागदाचं सांगते. बायकोकडे अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी नंबर नसतो म्हणून आयटिन, म्हणजे टॅक्सपुरता ओळख नंबर, काढावा लागतो, फॉर्म डब्ल्यू-७, त्यात जोडीदाराचा रकाना 'ई'. तो अर्ज रिटर्नलाच जोडून कागदावर ऑस्टिनला, त्यांच्या टॅक्स खात्याच्या कार्यालयात पाठवायचा असतो, त्यामुळे पहिल्या वर्षी ई-फाइल विसरा. पासपोर्टचं मूळ पाठवा, किंवा पासपोर्ट देणाऱ्या कार्यालयानंच प्रमाणित केलेली कॉपी पाठवा, कोर्टासमोरच्या नोटरीचा शिक्का मारलेली झेरॉक्स चालत नाही. तिसरा मार्ग म्हणजे त्यांचा अधिकृत एजंट, जो मूळ पासपोर्ट बघून परत देतो. बहिणीकडे पुण्याला गेले तेव्हा मी हाच मार्ग घेतला, मूळ पासपोर्ट टपालात घालायची माझी तयारी नव्हती. आयटिन यायला एरवी सात आठवडे लागतात, १५ जानेवारी ते ३० एप्रिल या काळात किंवा परदेशातून पाठवलं तर नऊ ते अकरा. रिटर्नला मुदतवाढ फॉर्म ४८६८ नं १५ ऑक्टोबरपर्यंत मिळते, पण पैसे १५ एप्रिललाच भरायचे.

एफबीएआर, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या बँक खात्यांची माहिती देणं, हे वेगळं. नवऱ्याची एनआरई, एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांची इथली खाती), सासऱ्यांसोबतची जॉइंट खाती मिळून वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी त्यानं ते भरायचं. माझ्या एकटीच्या खात्यांसाठी मात्र ६०१३ (जी) मुळे मला एफबीएआर लागत नाही, त्या कामात ही निवड धरत नाहीत, हे अनेक सीएंनाही सांगावं लागतं.

इथलीही एक बाजू आहे. नवऱ्यानं पाठवलेले पैसे मला मिळाले तर त्यावर टॅक्स नाही, नवरा नातेवाइकांतच येतो. पण त्या पैशाची मी माझ्या नावानं एफडी केली तर तिचं व्याज आपल्या आयकर कायद्यानं नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. म्हणून मी माझ्या पगाराचं खातं वेगळं ठेवलं आहे आणि त्याच्या पैशाचं वेगळं, दोन्हीची वर्षभराची स्टेटमेंट वेगवेगळ्या फोल्डरमध्ये.

आयटिन सलग तीन वर्षं फेडरल रिटर्नवर वापरला नाही तर संपतो, आम्ही तर दरवर्षी वापरणारच. जानेवारीपासूनच्या माझ्या सॅलरी स्लिप मी आता महिन्याच्या महिन्याला नवऱ्याला मेल करते आणि तो त्याच्या शीटमध्ये तेव्हाच चढवतो.